गेमची पदवी : डंडीत रुजलेला अभ्यासक्रम

कॉम्प्युटर गेम बनवण्याचं पदवी शिक्षण जगात सर्वांत आधी सुरू करणाऱ्यांत स्कॉटलंडमधल्या डंडी शहराच्या ॲबर्टे विद्यापीठाचं नाव घेतलं जातं. साल १९९७. तिथली जमीन आधीच तयार होती. १९८०च्या दशकात सिंक्लेअरचा ‘झेडएक्स स्पेक्ट्रम’ हा स्वस्त कॉम्प्युटर डंडीच्या टायमेक्स कारखान्यात जोडला जाई. त्याच कारखान्यात काम केलेल्या डेव्हिड जोन्स यांनी ‘डीएमए डिझाइन’ कंपनी काढली. ‘लेमिंग्ज’ (१९९१) आणि ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ (१९९७) हे गेम तिचेच.

या शिक्षणात खेळणं कमी आणि गणित भरपूर. सेकंदाला ६० चित्रं दाखवायची, तर एका चित्राला जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात बटण दाबलं का ते पाहायचं, टक्कर तपासायची, शत्रूची चाल ठरवायची आणि चित्रही काढायचं. पात्राचा वेग चित्रांच्या संख्येवर बांधला, तर दुप्पट चित्रं दाखवणाऱ्या कॉम्प्युटरवर ते दुप्पट वेगाने धावेल. म्हणून वेगाला दोन चित्रांमधल्या वेळेने गुणतात. साधा गुणाकार, पण खेळाचा तोल त्यावरच टिकतो.

प्रोग्रॅमिंग, चित्रकला आणि खेळाची रचना या तीन वेगळ्या वाटा आहेत. प्रवेश घेण्याआधी विषयांची यादी नीट वाचावी. नावात ‘गेम’ असलेल्या प्रत्येक पदवीत सी प्लस प्लस ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि व्हेक्टरचं गणित शिकवतातच असं नाही. शेवटच्या वर्षी गटाने पूर्ण गेम करायला लावणारा अभ्यासक्रम मला सर्वांत मोलाचा वाटतो. नोकरी देणारे गुणपत्रिकेइतकंच, बरेचदा त्याहून जास्त, हे काम पाहतात.