फिरते, पण पेटत नाही

चावी फिरवल्यावर इंजिन खर्र-खर्र आवाज करत फिरते, पण कितीही वेळ सेल्फ मारला तरी पेट घेत नाही, या बिघाडाविषयीचे बहुतेक गैरसमज निव्वळ अज्ञानातून आलेले नसून ते एका जुन्या यंत्राविषयीचे खरे ज्ञान आहे, आणि ते यंत्र बदलल्यानंतरही हे ज्ञान तसेच वापरात राहिले आहे. छत्रपती संभाजीनगरसारख्या शहरात ही गोष्ट विशेष जाणवते. वाळूज येथे १९८५ पासून बजाजच्या दुचाकी तयार होतात, शेंद्रा येथे २००१ पासून स्कोडाच्या मोटारी जुळवल्या जातात, आणि २०१० मध्ये याच शहरातील व्यावसायिकांनी एकत्र येऊन दीडशे मर्सिडीज गाड्या एकाच वेळी घेतल्या होत्या. तरीही रस्त्याच्या कडेला बंद पडलेल्या गाडीभोवती जमलेली मंडळी जे सल्ले देतात, ते बहुधा अँबॅसिडर, पद्मिनी आणि कार्ब्युरेटरच्या मारुती ८०० या गाड्यांनी शिकवलेले असतात.

मुळात ‘फिरणे’ आणि ‘पेटणे’ या दोन वेगळ्या क्रिया आहेत. इंजिन फिरवण्याचे काम सेल्फ करतो, म्हणजे बॅटरीवर चालणारी एक छोटी पण जोरकस मोटर करते. चार्ल्स केटरिंग या अमेरिकी अभियंत्याने विकसित केलेली ही मोटर १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांत प्रथम बसवली गेली आणि त्यानंतर हळूहळू हँडल मारून गाडी सुरू करण्याचा काळ सरला. मराठी बोलण्यात ‘सेल्फ स्टार्टर’मधला ‘स्टार्टर’ गळून नुसता ‘सेल्फ’ उरला, आणि हे एका अर्थी योग्यच झाले, कारण ही मोटर इंजिन सुरू करतच नाही; ती ते मिनिटाला साधारण दीडशे ते तीनशे फेऱ्यांनी फक्त फिरवते. त्यापुढे स्वतःच्या बळावर सातशे-आठशे फेऱ्यांवर टिकून राहण्यासाठी पेट्रोल इंजिनाला योग्य प्रमाणात इंधन, ते मिश्रण मूळ आकारमानाच्या सुमारे दहाव्या हिश्शापर्यंत दाबणारे कॉम्प्रेशन, आणि नेमक्या क्षणी पडणारी ठिणगी या तिन्ही गोष्टी एकदमच लागतात. आजच्या गाड्यांत यांना चौथी अट जोडली गेली आहे, ती म्हणजे इंजिनाचे नियंत्रण करणाऱ्या संगणकाची, म्हणजे ईसीयूची, परवानगी.

असे असूनही पहिला संशय बॅटरीवर जातो आणि पहिला उपाय म्हणून धक्का सुचवला जातो. धक्का देणे म्हणजे चाकांच्या साहाय्याने इंजिन फिरवणे, अर्थात सेल्फचेच काम माणसांनी करणे. सेल्फ ते काम व्यवस्थित करत असेल तर चार जणांच्या श्रमाने त्यात कसलीही भर पडत नाही. उलट ठिणगी नसल्यामुळे गाडी पेटत नसेल, तर धक्क्याच्या प्रत्येक फेरीत न जळलेले पेट्रोल धुराड्यातील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे विषारी वायूंचे रूपांतर करणाऱ्या महागड्या जाळीदार भागात, साचत जाते आणि पुढे गाडी पेटलीच तर तिथे जळून तो भाग निकामी करू शकते. मात्र ‘इंजिन फिरते, म्हणजे बॅटरी ठणठणीत’ हा उलट टोकाचा समजही पूर्ण खरा नाही. भरलेल्या बॅटरीचा दाब स्थिर अवस्थेत सुमारे १२.६ व्होल्ट असतो आणि सेल्फ मारताना तो उतरतो; तो साडेनऊ व्होल्टच्या खाली गेला, तर सेल्फ कसाबसा फिरत राहतो, पण ईसीयू आणि ठिणगीची कॉइल यांना पुरेसा दाब मिळत नाही. म्हणून इंजिन रेंगाळत फिरत असेल तर बॅटरी तपासणे युक्त ठरते, आणि ते नेहमीच्या जोमाने फिरत असेल तर बॅटरीचा नाद सोडून पुढे जावे लागते.

एप्रिल-मे महिन्यांत मराठवाड्याचा पारा चाळीस अंशांच्या वर गेला की आणखी एक समज डोके वर काढतो, तो म्हणजे उन्हाने पेट्रोलची वाफ झाली, पंपावर ओले फडके टाकावे आणि थोडे थांबावे. कार्ब्युरेटरच्या गाडीत हा उपाय अगदी शास्त्रशुद्ध होता. तिथला यांत्रिक पंप इंजिनाच्या अंगालाच बसवलेला असे, तो मागच्या टाकीतून पेट्रोल ओढून घेई, आणि ओढले जाणारे इंधन कमी दाबाखाली असल्याने तापलेल्या नळीत त्याची सहज वाफ होऊन पुरवठा तुटे. इंजेक्शनच्या, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी ईसीयूच्या हुकमाने पेट्रोल फवारणाऱ्या, गाडीत पंप टाकीच्या आत, पेट्रोलमध्ये बुडालेला असतो आणि तो इंधन ओढत नाही, तर सुमारे तीन ते चार बार दाबाने, म्हणजे हवेच्या दाबाच्या तिप्पट-चौपट जोराने, पुढे ढकलतो. दाब वाढला की द्रवाचा उत्कलनबिंदूही वाढतो, त्यामुळे अशा गाडीत वाफ अडकण्याचा प्रकार दुर्मीळ आहे. तरीही ‘गरम असताना सुरू होत नाही, गार झाल्यावर होते’ हा अनुभव खोटा नसतो, फक्त त्याचे कारण बहुतेक वेळा दुसरे असते. समृद्धी महामार्गावर तासाला १२० किलोमीटरच्या वेगाने आलेली गाडी माळीवाड्याजवळ चहासाठी थांबवली की कूलंटचे फिरणे आणि समोरून येणारी हवा दोन्ही थांबतात, आणि बॉनेटखालचे तापमान कमी होण्याऐवजी काही काळ वाढतच जाते. क्रँकशाफ्टची, म्हणजे पिस्टनांनी फिरणाऱ्या इंजिनाच्या मुख्य दांड्याची, गती आणि स्थिती ईसीयूला कळवणारा सेन्सर जुना झालेला असेल, तर त्याच्या आतील बारीक तारेचे वेटोळे याच उष्णतेने प्रसरण पावून तुटक होते आणि गार झाल्यावर पुन्हा जुळते. हा संदेश थांबला की इंजिन फिरते आहे हेच ईसीयूला समजत नाही, आणि तो इंधन व ठिणगी दोन्ही रोखून धरतो. ओले फडके टाकून गाडी सुरू होते तेव्हा श्रेय फडक्याला मिळते, पण काम गेलेल्या अर्ध्या तासाने केलेले असते.

त्याच पिढीतला दुसरा सल्ला म्हणजे ‘अॅक्सिलरेटर दाबून सेल्फ मारा’. कार्ब्युरेटरमध्ये पायाखालचे पेडल दाबले की एक छोटा पंप पेट्रोलची चिळकांडी आत सोडत असे, म्हणून दोनदा पेडल मारणे उपयोगाचे होते. इंजेक्शनमध्ये पेडल पेट्रोलला स्पर्शही करत नाही. एवढेच नव्हे, तर अनेक गाड्यांत पेडल पूर्ण दाबून सेल्फ मारल्यास ईसीयू इंधन बंद करतो, कारण इंजिनात पेट्रोल जास्त झाले असून चालकाला ते वाळवायचे आहे, असा त्या कृतीचा अर्थ लावलेला असतो. म्हणजे प्लग पेट्रोलने ओले झाले असतील तर हा उपाय लागू पडतो, आणि इतर वेळी तो सुरू होऊ शकणारी गाडीही सुरू होऊ देत नाही.

इंधनाविषयी ‘पंपाचा आवाज येतो, म्हणजे पेट्रोल येते’ असे समजले जाते. चावी चालू केल्यावर मागच्या सीटखालून दोनएक सेकंद येणारी घरघर ऐकणे ही चांगली पहिली चाचणी आहे. ती आलीच नाही तर फ्यूज आणि रिले, म्हणजे लहान प्रवाहाने मोठा प्रवाह जोडणारा विद्युत स्विच, तपासावा लागतो, आणि हॉर्नचा रिले त्याच क्रमांकाचा असल्यास तो तात्पुरता तिथे लावून पाहता येतो. परंतु झिजलेला पंप किंवा तुंबलेला फिल्टर असतानाही घरघर तशीच येते. दाब आहे की नाही हे प्रेशर गेज लावल्याशिवाय कळत नाही. सीएनजी बसवलेल्या गाड्यांत हा दोष स्वतःहून ओढवून घेतला जातो. अशा बहुतेक गाड्या आधी पेट्रोलवर सुरू होतात आणि मग गॅसवर जातात, पण ‘गाडी तर गॅसवर चालते’ या हिशेबाने पेट्रोलची टाकी महिनोन्‌महिने तळाला ठेवली जाते. टाकीतला पंप भोवतीच्या पेट्रोलनेच गार राहत असल्यामुळे तो कोरडा चालून जळतो, आणि सिलिंडर गॅसने भरलेला असूनही गाडी जागची हलत नाही.

वीस टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलवर अलीकडे जवळपास प्रत्येक बिघाडाचे खापर फुटते, आणि ज्या मराठवाड्यातला ऊस या इथेनॉलच्या एका वाट्याचा धनी आहे तिथेही ते फुटते, हे गमतीचे आहे. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला सुमारे नऊ पट; मिश्रणातला हा फरक ईसीयू बऱ्याच अंशी सांभाळून घेतो. इथेनॉल थंडीत सहज वाफाळत नाही हे खरे, पण ती अडचण हाडे गोठवणाऱ्या थंडीची आहे, संभाजीनगरच्या जानेवारीची नाही. खरी काळजी पाण्याची असते: इथेनॉल पाणी शोषते आणि ते प्रमाणाबाहेर गेले की पाणी-इथेनॉलचा थर वेगळा होऊन टाकीच्या तळाशी, म्हणजे नेमका पंपाच्या तोंडाशी, बसतो. महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या गाडीत ही शक्यता तपासण्याजोगी आहे. रोज धावणाऱ्या गाडीत प्रथम इतर कारणे पाहावीत.

‘करंट येतो का’ हे पाहण्यासाठी प्लग काढून इंजिनाच्या धातूला टेकवायचा आणि सेल्फ मारून ठिणगी बघायची, ही मिस्त्री लोकांची जुनी परीक्षा आहे. तिच्यात दोन त्रुटी आहेत. एक म्हणजे, उघड्या हवेत ठिणगी पडायला जेवढा विद्युतदाब पुरतो त्यापेक्षा कितीतरी अधिक दाब, दहा-वीस हजार व्होल्ट किंवा त्याहूनही जास्त, दाबलेल्या मिश्रणात ठिणगी पाडायला लागतो, त्यामुळे बाहेर निळी ठिणगी दाखवणारी अशक्त कॉइल सिलिंडरच्या आत अपयशी ठरू शकते. दुसरी म्हणजे, प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असलेल्या नव्या गाड्यांत ही ठिणगी भलत्या वाटेने गेल्यास इलेक्ट्रॉनिक भाग जळतात, आणि जवळ पेट्रोलची वाफ असताना आगीचा धोका असतो तो वेगळाच. यासाठी मिळणारा स्पार्क टेस्टर मुद्दाम मोठी फट ठेवून बनवलेला असतो, आणि तो महागही नसतो.

या सर्वांहून नवा आणि अधिक खर्चिक गैरसमज स्कॅनरविषयीचा आहे. स्टीअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला यंत्र जोडले की ते खराब भागाचे नाव सांगते, अशी समजूत ग्राहकांत आहे आणि काही गॅरेजमध्येही आहे. प्रत्यक्षात ‘पी०३३५’ हा कोड ‘क्रँक सेन्सर खराब’ असे म्हणत नाही. तो त्या सेन्सरच्या विद्युत मंडलात दोष आहे एवढेच म्हणतो, आणि त्या मंडलात सेन्सरबरोबर तारा, जोडण्या आणि ईसीयूही येतात. पावसाळ्यात उबेसाठी बॉनेटखाली शिरलेल्या उंदराने तार कुरतडली असेल, तर नवा सेन्सर बसवूनही कोड तसाच राहतो आणि मग ‘पार्ट डुप्लिकेट निघाला’ असा निष्कर्ष काढला जातो. कोड न दिसणे म्हणजे दोष नसणे, हेही खरे नाही, कारण इंधनाचा कमी दाब किंवा गेलेले कॉम्प्रेशन अनेक गाड्यांत कोणताच कोड नोंदवत नाही. स्कॅनरचा खरा उपयोग कोडपेक्षा चालू आकडे वाचण्यात आहे. सेल्फ मारताना फेऱ्यांचा आकडा शून्यच दिसला तर क्रँक सेन्सरच्या मंडलाकडे वळावे; मे महिन्याच्या दुपारी कूलंटचे तापमान शून्याजवळ दिसले तर चुकीच्या माहितीवर ईसीयू गरजेपेक्षा कितीतरी जास्त पेट्रोल सोडत असून प्लग भिजवत आहे, हे ओळखावे.

स्कॅनर नसतानाही डॅशबोर्ड बरेच सांगतो, पण तेही उलटे वाचले जाते. चावी चालू करताच इंजिनाचे पिवळे चिन्ह उजळले की चालक घाबरतात. वास्तविक इंजिन सुरू होण्यापूर्वी ते उजळणे हीच नियमित गोष्ट आहे आणि ते मुळीच न उजळणे चिंतेचे आहे, कारण त्याचा अर्थ बहुधा ईसीयूला वीजच मिळत नाही असा होतो. त्याच्या शेजारी किल्लीचे किंवा कुलपाचे चिन्ह लुकलुकत राहिले, तर गाडीने चावी ओळखलेली नाही: चावीच्या मुठीत बसवलेल्या चिपचा सांकेतिक क्रमांक जुळला नाही की इमोबिलायझर ही चोरीविरोधी यंत्रणा अनेक गाड्यांत सेल्फ फिरू देते, पण इंजिन पेटू देत नाही. बाजारातून फक्त पाते कापून आणलेली स्वस्त चावी दार उघडते, सेल्फ मारते आणि तिथेच थांबते.

डिझेलच्या गाडीत ठिणगी नसतेच. दाबाने तापलेल्या हवेत इंधन आपोआप पेटते. म्हणून तिथे संशय हीटर प्लगवर, म्हणजे सुरू करताना सिलिंडरच्या आत ऊब देणाऱ्या भागावर, जातो, पण उन्हाळ्यात हीटर प्लग सगळे बंद असले तरी धडधाकट डिझेल इंजिन सहसा सुरू होते. फिल्टर बदलल्यावर किंवा टाकी कोरडी पडल्यावर लाइनने एअर घेणे, आणि कॉमन रेल या सामाईक नळीत सुरुवातीसाठी लागणारा शेकडो बारचा दाब तयार न होणे, ही तिथली अधिक संभवनीय कारणे आहेत. अशा वेळी हवेच्या वाटेत ज्वालाग्राही स्प्रे मारणे धोक्याचे असते, कारण तापलेल्या हीटर प्लगवर तो अवेळी पेटून इंजिनाचे नुकसान करू शकतो.

‘सेल्फ मारत राहा, कधीतरी पेटेल’ हा समज एका परिस्थितीत सर्वात महाग पडतो. क्रँकशाफ्ट आणि व्हॉल्व्ह यांची लय जुळवून ठेवणारा टायमिंग बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह उघडणे-मिटणे थांबते, सिलिंडरमध्ये हवा दाबली जात नाही, आणि त्यामुळे सेल्फला विरोधच न उरल्याने इंजिन नेहमीपेक्षा हलके आणि जलद फिरते. एरवी ऐकू येणारे चढउतार त्या आवाजात नसतात, एकसुरी भर्र-भर्र तेवढी येते. अनभिज्ञ कानाला ते जोमदार वाटते, पण अनेक इंजिनांत उघडे राहिलेले व्हॉल्व्ह आणि वर येणारे पिस्टन यांच्यात जागा नसते, आणि सेल्फची पुढची प्रत्येक फेरी त्यांना एकमेकांवर आदळू शकते. आवाज असा बदललेला असेल, तर चावी काढून गाडी टोईंगनेच गॅरेजला न्यावी लागते.