कासव क्रमांक ०३२३३

रुईच्या झाडावर अंडी घालणारी नारिंगी-काळी फुलपाखरे आपल्या हिंगोली जिल्ह्यात बांधाबांधावर दिसतात. त्यांचाच अमेरिकेतला भाऊबंद म्हणजे मोनार्क. वजन जेमतेम अर्धा ग्रॅम. पण थंडीच्या आधी तो दक्षिणेकडे निघतो. जातो कोठे? हे शोधण्यासाठी कॅनडातील फ्रेड व नोरा अर्कहार्ट या दांपत्याने फुलपाखरांच्या पंखांना क्रमांकाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. पहिल्या चिठ्ठ्या टपाल तिकिटासारख्या डिंकाच्या होत्या. पावसात त्या गळून पडल्या! अखेर जानेवारी १९७६ मध्ये मेक्सिकोच्या डोंगरात चिठ्ठी लावलेले एक फुलपाखरू सापडले. ती चिठ्ठी आदल्या ऑगस्टमध्ये मिनेसोटात दोन शाळकरी मुलांनी आपल्या शिक्षकांसह चिकटवली होती.

असेच आपल्या कोकणात घडले. जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवाची एक मादी अंडी घालायला आली. बैलाच्या कानात असतो तसा एक बिल्ला तिच्या वल्ह्यासारख्या पायाला होता. हा मात्र धातूचा. क्रमांक ०३२३३. नोंदी पाहता कळले, की भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या संशोधकांनी तो मार्च २०२१ मध्ये ओडिशाच्या गहिरमाथा किनाऱ्यावर बसवला होता. दोन्ही किनाऱ्यांवरच्या माद्या वेगवेगळ्या असाव्यात, या समजुतीला एका बिल्ल्याने धक्का दिला.

आता नकाशावर फूटपट्टी ठेवा. गहिरमाथा ते गुहागर ही सरळ रेषा सुमारे १,५०० कि.मी. भरते आणि लातूरच्या आसपासून जाते! कासव काही लातूरवरून चालत गेले नाही. भौतिकीत याला विस्थापन म्हणतात. कापलेले अंतर निराळे. समुद्रमार्गे ते सुमारे ३,५०० कि.मी. असावे, असा संशोधकांचा अंदाज. ती श्रीलंकेला वळसा घालून आली की पांबनच्या सामुद्रधुनीतून, हे बिल्ला सांगत नाही. तो दोनच बिंदू देतो.

मधली वाट कळण्यासाठी २०२२ मध्ये रत्नागिरीच्या किनाऱ्यावर पाच माद्यांच्या पाठीवर प्रक्षेपक बसवले. वेळासच्या पहिलीचे नाव प्रथमा. खारे पाणी विद्युतवाहक असल्याने रेडिओलहरी शोषून घेते. म्हणून श्वासासाठी कासव वर आले, तरच संदेश उपग्रहाला मिळतो. हिंगोली स्टेशनातून न थांबता जाणाऱ्या गाडीची शिटी ऐकली आहे ना? गाडी जवळ येताना सूर चढा, दूर जाताना उतरता. उपग्रहालाही धावता धावता संदेशाची वारंवारता अशीच बदललेली मिळते, आणि त्या बदलावरून कासवाची जागा गणिताने काढतात.

हे यंत्र महाग, आणि बॅटरी संपली की मुके. त्या पाचही जणींचे संदेश पुढे थांबले.