शेजारणीची खिडकी आणि आमची भिंत

'घर पाहावं बांधून' असं म्हणतात ते उगीच नाही. विटा-सिमेंटचे भाव, गवंड्याच्या दांड्या, हे सारं आम्ही धरूनच चाललो होतो. पण अडलो ते अवघ्या दीड फुटासाठी. आणि तेही स्वतःच्या मालकीच्या जमिनीत!

आमचा प्लॉट तालुक्याच्या गावी, मामंजींनी घेऊन ठेवलेला. रस्त्याकडे रुंद आणि मागे निमुळता. 2023 साली बांधायला काढलं तेव्हा सासूबाईंचं खुब्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. जिना बंद. त्यांची खोली तळमजल्यावर, न्हाणीघराला लागून हवी, आणि तशी सोय फक्त मागच्या अंगाला होती. नकाशात त्या खोलीची रुंदी भरली साडेसहा फूट. कॉट टाकली की वॉकर फिरवायला जागाच उरेना.

कारण काय, तर सामासिक अंतर. म्हणजे घराच्या चारी बाजूंनी सोडायची मोकळी जागा. आमच्या मंजूर लेआउटप्रमाणे बाजूला दीड मीटर सोडायचं होतं. कंत्राटदार म्हणाला, "वहिनी, भिंत सरकवून टाकू. कोण टेप घेऊन येतंय? नंतर दंड भरून नियमित करू."

ह्यांनाही ते पटल्यासारखं दिसलं. मी मात्र हट्ट धरला. घरासाठी कर्ज काढलेलं, बँकेकडे मंजूर नकाशा दिलेला. उद्या नगरपालिकेची नोटीस आली आणि भिंत पाडायला लावली, तर हप्ते भरायचे आम्ही आणि सासूबाईंना न्यायचं कुठं?

काय मागता येतं, काय नाही

आमच्या इंजिनिअरांनी नियम समजावून सांगितला. मुंबई आणि काही ठरावीक क्षेत्रं सोडली, तर महाराष्ट्रात डिसेंबर 2020 पासून एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. खरीखुरी अडचण दाखवून देता आली, तर त्या नियमावलीत मापांमध्ये सवलत देण्याचा अधिकार नगरपालिकेला आहे. मात्र आरोग्य, आग आणि इमारतीची मजबुती यांना बाधा येता कामा नये. राहणाऱ्यांच्याही आणि शेजाऱ्यांच्याही. शिवाय सवलतीसाठी अधिमूल्य, म्हणजे जादा रक्कम, भरावी लागू शकते.

मी विचारलं, "मग सगळं घरच तीन फूट पुढं ओढलं तर?" ते हसले. रस्त्याच्या बाजूचं अंतर, चटईक्षेत्र आणि पार्किंग यांत अशी सवलत मिळत नाही. मागायची ती बाजूची किंवा मागची. आणि एक वाक्य त्यांनी सांगितलं ते मी वहीत लिहून ठेवलं: "अडचण जमिनीची दाखवा, हौसेची नको." म्हणून आधी भूमी अभिलेखकडून मोजणी करून घेतली. प्लॉट मागे निमुळता आहे, हे त्या नकाशात स्वच्छ दिसलं.

काकूंचा नकार

अर्ज द्यायच्या आधी मी शेजारच्या काकूंकडे गेले. वाटलं होतं, चहा होईल आणि हो म्हणतील. काकूंनी चहा दिला आणि मला स्वयंपाकघरात नेलं. ओट्यासमोर एकच खिडकी, आमच्या प्लॉटकडे उघडणारी. "माझा दुपारचा उजेड तेवढाच गं. तुझी भिंत पुढं आली की मला दिवसा दिवा लावून पोळ्या लाटायच्या."

मला राग आला होता, खोटं कशाला सांगू? नियमात शेजाऱ्यांचं नाव वाचलं होतं, पण ते शेजारी म्हणजे काकू, हे डोक्यात शिरलं नव्हतं. घरी येऊन नकाशा पुन्हा पसरला. खिडकी संपते त्याच्या मागे आमची खोली सुरू होते. मग सगळी भिंत कशाला सरकवायची? फक्त मागचे दहा फूट पुरेत!

इंजिनिअरांनी नकाशा बदलला. दहा फुटांपुरतंच अंतर दीडऐवजी एक मीटर, आणि त्या भागावर वरचा मजला नाही. वरची माझी शिवणाची खोली त्यात गेली. काकूंनी नकाशा बोटानं मोजून पाहिला आणि हरकत नसल्याचं लिहून दिलं. तो कागद कुणी मागितला नव्हता, तरी आम्ही अर्जाला जोडला.

पुढचे साडेतीन महिने भाड्याच्या घरात गेले. नगरपालिकेचे अभियंते जागा पाहून गेले, अधिमूल्य भरलं आणि मंजुरी हातात आली.

मैत्रिणींनो, एवढं लक्षात ठेवा

सवलत मागायची ती पाया खणण्यापूर्वी. किती अंतर सोडायचं हे प्लॉटचं माप, रस्त्याची रुंदी आणि इमारतीची उंची यांवर ठरतं. जुन्या गावठाणातले आकडे वेगळे असतात. तेव्हा दुसरीच्या घराचं माप आपल्याला लावू नका. परवानाधारक इंजिनिअर किंवा आर्किटेक्टकडूनच नकाशा करून घ्या. अर्जाची पोच जपून ठेवा. लेखी नकार आला तर आदेश मिळाल्यापासून 40 दिवसांत शासनाकडे अपील करता येतं. म्हणून नकार तोंडी ऐकून परतू नका, लेखी मागा. आणि मंजुरी मिळाल्यावर बांधकाम नकाशाबरहुकूमच करा, नाहीतर भोगवटा प्रमाणपत्राच्या वेळी पुन्हा तेच दुखणं.

सासूबाईंची खोली आता आठ फूट रुंद आहे. वॉकर आरामात फिरतो. माझं शिवणाचं मशीन जिन्याखाली बसवलंय, जरा अंधार आहे तिथं. पण दुपारी काकूंच्या ओट्यावर ऊन पडलेलं आमच्या मागल्या दारातून दिसतं, आणि सासूबाईंच्या नि त्यांच्या गप्पा त्याच खिडकीतून चालतात.