झूम नसलेला कॅमेरा घेऊन ऊर्जानगरात

चंद्रपूरहून मोहर्लीकडे जाणाऱ्या रस्त्यावर सफारीच्या दिवसांत पहाटेच गाड्यांची रांग लागते. आत बसलेल्यांच्या मांडीवर हातभर लांबीची भिंगे असतात, तान्ह्या बाळासारखी जपलेली. दुर्गापूर मागे पडते, ऊर्जानगर मागे पडते, पद्मापूरच्या खाणीकडची धूळ काचेवर बसते. पण गाडी थांबत नाही. थांबावे असे कारणही नसते. सारेच वाघासाठी आलेले असतात. या जिल्ह्यात छायाचित्रण म्हणजे ताडोबा आणि ताडोबा म्हणजे वाघ, हे समीकरण इतके पक्के झाले आहे की, हातात कॅमेरा दिसला की पहिला प्रश्न येतो : ‘झूम किती?’

या प्रश्नाला ‘शून्य’ असे उत्तर देणारा एक कॅमेरा आहे. आकाराने खिशात किंवा फार तर कोटाच्या खिशात मावणारा. त्याचे भिंग काढून दुसरे लावता येत नाही आणि समोरचे दृश्य जवळही ओढता येत नाही. रिकोने २००५ मध्ये ‘जीआर डिजिटल’ बाजारात आणला, २०११ मध्ये फुजीफिल्मचा ‘एक्स-१००’ आला आणि २०१३ मध्ये रिकोने आपल्या छोट्या देहात मोठा संवेदक बसविला. जपानी कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१० मध्ये भिंग न बदलणारे १० कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले होते. २०२३ मध्ये ही संख्या २० लाखांच्या आत आली. मोबाईलने छोटे झूम कॅमेरे गिळून टाकले. गंमत अशी की, ज्यात सोयी सर्वांत कमी तो एकभिंगी कॅमेरा या पडझडीतून तगला.

याचे एक कारण संवेदकात आहे. जुन्या खिशातल्या झूम कॅमेऱ्यांचा संवेदक साधारण २८ चौरस मिलिमीटरचा, नखाएवढा असे. या कॅमेऱ्यांतील संवेदकाचे क्षेत्रफळ त्याच्या सुमारे तेरा पट भरते. प्रकाश गोळा करण्याची जागा मोठी, म्हणून संध्याकाळच्या चहाच्या टपरीवरचे चेहरेही स्वच्छ येतात. झूमच्या यंत्रणेची जागा वाचल्यामुळे भिंग लहान आणि तरीही धारदार ठेवता येते.

दुसरे कारण गणिताचे आहे, आणि ते चंद्रपूरकराने एकदा करून पाहावे असे आहे. तीस मीटरवर वाघ उभा आहे. रिकोच्या २८ मिलिमीटरशी समतुल्य भिंगातून त्या अंतरावर सुमारे साडेअडतीस मीटर रुंदीचा पट्टा चौकटीत येतो. शेपटीसह तीन मीटरचा वाघ त्यात तेराव्या हिश्शाएवढा दिसेल. घरी आल्यावर तो बोट ठेवून दाखवावा लागेल. त्याच जागेवरून ६०० मिलिमीटरच्या भिंगात जेमतेम १.८ मीटर रुंदी मावते, म्हणजे अख्खा वाघही बसत नाही. एकभिंगी कॅमेरा वाघासाठी निरुपयोगी आहे, हे एकदा मान्य केले की त्याचा खरा उपयोग सुरू होतो.

३५ मिलिमीटरशी समतुल्य भिंगाचा हिशेब तर तोंडपाठ व्हावा इतका सोपा आहे : जितके अंतर, जवळजवळ तितकीच रुंदी. तीन मीटरवरून तीन मीटर रुंद आणि दोन मीटर उंच दृश्य. सायकल धुणारा मुलगा आणि त्यामागचे क्वार्टरचे दार, दोन्ही त्यात येतात. महिनाभर एकच भिंग वापरले की कॅमेरा डोळ्याला लावण्याआधीच चौकट कुठवर असेल हे कळू लागते. हेन्री कार्तिए-ब्रेसाँ यांनी आपले बहुतांश काम ५० मिलिमीटरच्या एकाच भिंगावर केले, ते या सवयीच्या बळावरच. आपल्याकडे सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे जगणे टिपले. अशी छायाचित्रे दूरच्या गच्चीवरून मिळत नाहीत. त्यासाठी माणसांच्या जवळ जावे लागते, आणि जवळ येऊ द्यावे इतपत विश्वास आधी मिळवावा लागतो.

रस्त्यावर फोकस शोधत बसण्यातही वेळ जातो. त्यावर जुना उपाय आहे. २८ मिलिमीटरशी समतुल्य भिंगाचे छिद्र एफ-८ वर आणि फोकस दोन मीटरवर कायम ठेवला, तर सुमारे एका मीटरपासून क्षितिजापर्यंत सारे पुरेसे स्पष्ट येते. मग कॅमेऱ्याला विचार करायला काही उरत नाही. बटण दाबले की चित्र तयार. शटर भिंगातच असल्याने त्याचा आवाजही फारसा होत नाही.

ऊर्जानगरात मात्र पुस्तकी नियमांना स्थानिक पुरवणी जोडावी लागते. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचे दृश्य मध्यम करड्या छटेचे आहे असे धरून चालतो. म्हणून कोळशाने भरलेली वाघिण चित्रात राखाडी दिसते आणि कूलिंग टॉवरमधून निघणारी शुभ्र वाफ मळकट होते. कोळशासाठी प्रकाश एक पायरीने कमी, वाफेसाठी व हिवाळ्यातल्या धुक्यासाठी एक पायरीने वाढवावा. (ती वाफच असते, धूर चिमणीतून जातो. चित्राखाली मजकूर लिहिताना ही चूक वृत्तपत्रांतही होते.) उन्हाचे म्हणाल, तर बहुतेक कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तिकेत वापराची कमाल मर्यादा ४० अंश सेल्सिअस छापलेली असते आणि मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ च्या वर जाणे नवलाचे नाही. दुपारी कॅमेरा घरीच ठेवावा, दुचाकीच्या डिकीत तर मुळीच नको. राखेची बारीक धूळ हा आणखी एक शत्रू. सुरू करताना भिंग पुढे सरकते अशा कॅमेऱ्यात ती आत ओढली जाते, आणि भिंग निघत नसल्याने संवेदक घरी पुसता येत नाही. साधी चेन असलेली पिशवी आणि मऊ ब्रश एवढी काळजी पुरते.

‘जवळ जा’ हा या कॅमेऱ्याचा मूलमंत्र. नेमका तोच येथे धोक्याचा आहे. ताडोबाचे जंगल आणि वीज केंद्राचा परिसर यांत वन्यप्राणी मानतील अशी सीमारेषा नाही. २०२२ च्या फेब्रुवारीत केंद्राच्या परिसरात वाघाच्या हल्ल्यात एका कामगाराचा आणि त्यापाठोपाठ दुर्गापुरात बिबट्याच्या हल्ल्यात एका मुलाचा मृत्यू झाला. तिन्हीसांजेचा प्रकाश छायाचित्रकाराला हवाहवासा असतो, बिबट्यालाही. झुडपांच्या कडेने, नाल्याकाठी, ओसाड क्वार्टरमागे चित्राच्या शोधात एकट्याने जाऊ नये. पट्टेरी काही दिसलेच, तर पावले मागे घ्यावीत; चित्र राहून गेले तरी चालेल. केंद्राच्या कुंपणाआतही परवानगीवाचून कॅमेरा काढू नये.

मग जवळ जायचे ते कशाच्या? शिफ्ट सुटतानाच्या सायकली, दुपारच्या वाळवणावर बसलेली आजी, आठवडी बाजारातला तराजू, नाईट शिफ्टहून परतलेल्या माणसाचा जिन्याखाली ठेवलेला डबा. विचारून, दोन शब्द बोलून काढलेली चित्रे. या वसाहतीत ही चित्रे काढण्याला एक घाईही आहे. १९८३ आणि १९८४ मध्ये सुरू झालेले २१० मेगावॉटचे पहिले दोन संच कायमचे बंद झाले आहेत. २,९२० मेगावॉटचे आजचे केंद्र उरलेल्या सात संचांचे आहे. पहिल्या संचांबरोबर नोकरीला लागलेली पिढी निवृत्त होऊन पांगली. क्वार्टर ही मालकीची वास्तू नव्हे. बदली झाली, निवृत्ती आली की किल्ली परत द्यावी लागते आणि तीस वर्षांचे घर एका ट्रकमध्ये निघून जाते. अशा घरांच्या अल्बममध्ये बारसे, मुंज, लग्न असते. ज्या ओट्यावर रोज संध्याकाळ गेली, तो मात्र वाढदिवसाच्या एखाद्या चित्राच्या कोपऱ्यात चुकून आलेला असतो.

नव्या एकभिंगी कॅमेऱ्याची किंमत लाखाच्या घरात किंवा त्यापुढे जाते, हे खरे. पण मोबाईलचे मुख्य भिंगही एका जागी बांधलेलेच असते. पडद्यावर दोन बोटांनी दृश्य ताणायचे नाही, एवढे पथ्य पाळले तरी महिनाभर सराव होतो. कपाटात २००० च्या दशकातला छोटा कॅमेरा पडून असेल, तर त्याचे झूम सर्वांत रुंद टोकाला ठेवून तोही चालेल. निवडक चित्रे कागदावर छापून घ्यावीत, आणि मागे तारीख, माणसाचे नाव व क्वार्टरचा क्रमांक पेन्सिलीने लिहून ठेवावा.