अपस्मार : झटक्यांपलीकडचे दुखणे

आपल्या रुग्णालयाच्या मेंदूविकार बाह्यरुग्ण विभागातील नोंदपत्रकावर अनेक वर्षांपासून एक रकाना आहे : ‘गेल्या भेटीनंतर आलेले झटके’. तेथील आकडा घटला की डॉक्टरांना समाधान वाटते, नातेवाइकांना हायसे वाटते आणि प्रस्तुत लेखकासारख्या, वाणिज्य शाखेतून आलेल्या व आकड्यांवर विसंबणाऱ्या प्रशासकासही काम फत्ते झाले असे वाटते. परंतु गतवर्षी मुलुंडहून येणाऱ्या एका मातेने नोंदणी खिडकीपाशी विचारले, “साहेब, वर्षभरात मुलाला एकही फिट आली नाही. पण तो कोणाशी बोलत नाही, वाचलेले त्याच्या लक्षात राहत नाही. हे कोणत्या डॉक्टरांना सांगायचे?”

हे त्याच डॉक्टरांना सांगावयाचे, हे आम्ही कुठेही लिहून ठेवले नव्हते.

फिट, फेफरे, मिरगी अशा नावांनी ओळखला जाणारा अपस्मार हा मेंदूतील विद्युत्क्रियेत अकस्मात होणाऱ्या बिघाडाचा विकार आहे. ते वेड नव्हे. मात्र ज्या मेंदूत झटका उद्भवतो, त्याच मेंदूत स्मरण, एकाग्रता आणि भावना यांचेही कार्य चालते. कानशिलाच्या आतील भागातून झटके येत असल्यास स्मरणशक्तीवर परिणाम होणे स्वाभाविक आहे, कारण नव्या गोष्टी लक्षात ठेवणारी रचना तेथेच असते. काही बालकांना कोसळण्याचा झटका येतच नाही; ती काही क्षण शून्यात पाहतात आणि वर्गात ‘लक्ष नाही’ म्हणून बोलणी खातात. नैराश्य किंवा चिंताविकार तर अपस्माराच्या साधारणतः तीन-चार रुग्णांपैकी एकास कधी ना कधी गाठतो. ते केवळ आजाराचे दुःख नसते. काहींच्या बाबतीत नैराश्य पहिल्या झटक्याच्याही आधी आलेले आढळते.

औषधांचाही यात वाटा असतो. फेनोबार्बिटोनने सुस्ती येऊ शकते, टोपिरामेटने ऐन वेळी शब्द आठवत नाहीत, लेव्हेटिरासिटामने काहींचा स्वभाव चिडचिडा होतो. घरच्यांना वाटते, मुलगा बिघडला. डॉक्टरांना सांगितल्यास मात्रा किंवा औषध बदलता येते. परंतु गोळ्या आपल्या मनाने एकाएकी बंद करू नयेत; त्यामुळे न थांबणारे, प्राणघातक झटके येऊ शकतात.

उपनगरातील जीवनाने या दुखण्यात भर पडते. लोकलच्या दारात किंवा फलाटाच्या कडेला झटका येईल या भीतीने अनेक तरुण नोकरी सोडतात, घरचेही बाहेर पाठवीत नाहीत, आणि एकटेपणा वाढत जातो. विवाहाचा प्रश्न निराळाच. अपस्माराच्या कारणावरून विवाह अवैध ठरविण्यास वाव देणारी तरतूद संसदेने १९९९ साली हिंदू विवाह कायदा आणि विशेष विवाह कायदा या दोहोंतून वगळली. तरीही मुलीच्या गोळ्या सासरी लपवून ठेवल्या जातात, चुकतात, आणि झटका येतो.

या लपवाछपवीचा हिशेब मांडून पाहण्याजोगा आहे. मुंबईतील पारशी वसाहतींमध्ये १४,०१० व्यक्तींच्या पाहणीत अपस्माराचे प्रमाण दर हजारी ४.७ आढळले होते. ही पाहणी १९८८ साली प्रसिद्ध झाली. तेच प्रमाण धरले तर घाटकोपर वा अंधेरीतील दीड हजार वस्तीच्या गृहसंकुलात सुमारे सात रुग्ण असावयास हवेत. आपल्या संकुलातील एक तरी आपणांस ठाऊक आहे काय?

विश्वस्त व देणगीदार यांच्यापुढे एक अडचण मोकळेपणाने मांडावीशी वाटते. औषधांचे देयक होते, यंत्रावर दात्याचे नाव कोरता येते. परंतु मानसशास्त्रज्ञाने स्मरणशक्तीच्या चाचणीस दिलेले दोन तास आणि समुपदेशनात गेलेली दुपार आमच्या जमाखर्चात केवळ ‘वेतन’ या शीर्षाखाली दिसते. त्यामुळे काटकसरीची वेळ आली की कात्री प्रथम तेथेच लागते; ती लावणाऱ्यांत प्रस्तुत लेखकही होता. यंदापासून नोंदपत्रकात झोप, मनःस्थिती आणि स्मरण असे तीन रकाने वाढविले आहेत. ते भरणे सोपे आहे; त्यांत जे निघेल त्यावर उपचार करण्यास माणसे लागतील, आणि त्यांच्या वेतनासाठी मिळालेली देणगी यंत्राइतकीच मोलाची आहे.

रुग्णांच्या नातेवाइकांनी तपासणीस येताना झटक्यांच्या तारखांबरोबरच झोप, चिडचिड, विसराळूपणा, अभ्यासातील घसरण हेही वहीत टिपून आणावे. रुग्ण जगणे नकोसे झाल्याचे बोलू लागल्यास पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी त्यास घेऊन यावे व एकटे सोडू नये. शासनाच्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक अहोरात्र विनामूल्य उपलब्ध आहे.

उपरोक्त मातेच्या मुलाची चाचणी झाली आहे. त्याची एक गोळी हळूहळू कमी करून दुसरी सुरू करण्यात येत आहे. दहावीची परीक्षा मार्चमध्ये आहे.