वाट पाहणारी चाचणी : असमकालिक आज्ञावली कशी तपासली जाते

संगणकीकरणापूर्वीच्या काळात बँकेतून पैसे काढण्याची एक ठरलेली पद्धत होती. ग्राहक खिडकीत धनादेश देत असे आणि त्याच्या बदल्यात त्याला क्रमांक कोरलेले पितळी टोकन मिळत असे. धनादेश खातेवहीकडे जाई, शिल्लक व स्वाक्षरी तपासली जाई, अधिकारी त्यास संमती देई आणि मग रोखपाल क्रमांक पुकारून रक्कम हाती देई. मधल्या वेळात खिडकीवरचा कर्मचारी रिकामा बसत नसे. तो पुढील ग्राहकाचे काम हाती घेत असे. टोकन म्हणजे रक्कम नव्हे, रक्कम मिळण्याची ती केवळ खूण आहे, हे प्रत्येक ग्राहकाला ठाऊक होते.

आजच्या संगणकीय व्यवहारांत हीच पद्धत वेगळ्या रूपात नांदते. एका बँकेची प्रणाली दुसऱ्या बँकेकडे विचारणा पाठविते आणि उत्तर येईपर्यंत इतर शेकडो विनंत्यांकडे लक्ष देते. उत्तरासाठी खोळंबून न राहता काम करण्याच्या या शैलीस ‘असमकालिक’ किंवा ‘असिंक्रोनस’ असे म्हणतात. अशी आज्ञावली वेगवान असते, परंतु ती तपासणे अवघड असते. ती नीट तपासली गेली नाही, तर खात्यातून रक्कम वजा होते आणि समोरच्या खात्यात ती पोहोचत नाही, असे प्रसंग उद्भवू शकतात. म्हणूनच या तपासणीचे स्वरूप ग्राहक व कर्मचारी या दोघांनीही समजून घेणे उपयुक्त ठरते.

घटक-चाचणीची परंपरा

संपूर्ण प्रणाली एकदम न तपासता तिचा एकेक लहान भाग स्वतंत्रपणे तपासणे, यास ‘युनिट टेस्ट’ किंवा घटक-चाचणी म्हणतात. केंट बेक यांनी १९९४ मध्ये ‘स्मॉलटॉक’ या भाषेसाठी अशा चाचण्यांचा साचा मांडला. पुढे १९९७ मध्ये एरिक गॅमा यांच्यासमवेत त्यांनी ‘जावा’ भाषेसाठी ‘जेयुनिट’ तयार केले. त्याच परंपरेतील ‘युनिटटेस्ट’ हा संच २००१ मध्ये ‘पायथन’ भाषेत समाविष्ट झाला. पायथनची रचना वाचण्यास सुबोध असल्याने येथील उदाहरणे तिच्यातूनच घेतली आहेत.

पायथनमध्ये असमकालिक कामासाठी ‘असिंक-आयओ’ हा संच २०१४ मध्ये, तर ‘असिंक’ आणि ‘अवेट’ हे शब्द २०१५ मध्ये आले. ‘असिंक’ हा शब्द लावलेले कार्य मध्येच थांबू शकते. ‘अवेट’ म्हणजे ‘येथे उत्तराची वाट पाहा, तोवर इतरांना काम करू द्या’. ही सारी कामे आळीपाळीने चालविणारी यंत्रणा म्हणजे ‘इव्हेंट लूप’. एकच कर्मचारी अनेक ग्राहकांची कामे सांभाळतो, तसेच तिचे कार्य असते.

उत्तीर्ण होणारी निष्फळ चाचणी

असमकालिक कार्यास नुसते हाक मारली की पायथन ते काम पार पाडत नाही. हाती येते ती केवळ एक वस्तू, जणू टोकनच. किंबहुना येथे टोकनापेक्षाही कमी हमी असते. ‘अवेट’ केल्याखेरीज किंवा ते काम लूपच्या स्वाधीन केल्याखेरीज ते सुरूच होत नाही. धनादेश खिडकीतच पडून राहतो.

यातून एक फसवी परिस्थिती निर्माण होते. एखाद्याने साध्या चाचणी-वर्गात ‘असिंक’ चाचणी लिहिली, तर तो वर्ग तिला हाक मारतो, टोकन स्वीकारतो आणि चाचणी उत्तीर्ण झाल्याचे कळवितो. आतील एकही ओळ चाललेली नसते. शिल्लक १०० असो वा १,०००, निकाल तोच! अनुत्तीर्ण चाचणी निदान दोष दाखविते. न चाललेली परंतु उत्तीर्ण ठरलेली चाचणी मात्र खोटा विश्वास देते. अशा वेळी पायथन ‘या कार्याची वाट पाहिली गेली नाही’ अशी सूचना देते, पण अहवालाच्या गर्दीत तिच्याकडे दुर्लक्ष होऊ शकते.

यावरील उपाय २०१९ च्या पायथन ३.८ आवृत्तीत आला. ‘आयसोलेटेड असिंक-आयओ टेस्टकेस’ हा वर्ग प्रत्येक चाचणीसाठी स्वतंत्र लूप उभा करतो आणि चाचणी खरोखर संपेपर्यंत थांबतो. तथापि साधनावर सर्वस्वी विसंबून चालत नाही. नवी चाचणी लिहिल्यावर अपेक्षित उत्तर मुद्दाम चुकवून ती अनुत्तीर्ण होते की नाही, हे एकदा पाहावे. चुकीच्या उत्तरालाही जी चाचणी होकार देते, ती काहीच तपासत नसते.

प्रतिनिधी आणि त्याची नोंद

घटक-चाचणी करताना खऱ्या बँकेच्या प्रणालीस संदेश पाठविणे योग्य नसते. त्या जागी एक नकली प्रतिनिधी ठेवला जातो. पायथन ३.८ मध्येच आलेला ‘असिंक-मॉक’ हे काम करतो. त्याला सांगितलेले उत्तर तो देतो आणि आपल्याशी काय व्यवहार झाला याची नोंदही ठेवतो. या नोंदीत दोन गोष्टी वेगळ्या असतात : त्याला हाक मारली गेली का, आणि त्याच्या उत्तराची वाट पाहिली गेली का. केवळ पहिली गोष्ट तपासल्यास ‘अवेट’ विसरल्याचा दोष निसटून जातो. म्हणून रक्कम जमा करण्याची सूचना देणाऱ्या कार्याची चाचणी घेताना दुसरी नोंद तपासणे अगत्याचे ठरते.

घड्याळावर भरवसा नको

काम पूर्ण होण्यास दोन सेकंद लागतील असे गृहीत धरून चाचणीत दोन सेकंदांची विश्रांती घालणे, ही सर्रास आढळणारी सवय आहे. संगणकावर भार असेल त्या दिवशी ते काम तीन सेकंद घेते आणि चाचणी विनाकारण अनुत्तीर्ण होते. इतर दिवशी वेळ वाया जातो. कधी उत्तीर्ण तर कधी अनुत्तीर्ण होणाऱ्या चाचणीवरचा विश्वास हळूहळू उडतो आणि तिने दाखविलेल्या खऱ्या दोषाकडेही काणाडोळा होतो.

त्याऐवजी ‘इव्हेंट’ नावाची खूण वापरता येते. काम एका टप्प्यावर पोहोचले की ते खूण करते आणि चाचणी त्या खुणेची वाट पाहते. खूण आलीच नाही तर चाचणी कायमची अडकू नये, म्हणून ‘वेट-फॉर’ या कार्याने कमाल मुदत घालून दिली जाते.

दोन मागण्या, एक शिल्लक

समजा, एका खात्यात १०,००० रुपये आहेत आणि ७,००० रुपये काढण्याच्या दोन विनंत्या एकाच वेळी आल्या. पहिले काम शिल्लक वाचते, ती पुरेशी असल्याचे पाहते आणि मंजुरीसाठी ‘अवेट’ करते. त्या क्षणी दुसऱ्या कामाची पाळी येते. तेही १०,००० हीच शिल्लक वाचते. मंजुरी मिळाल्यावर दोन्ही कामे ३,००० ही नवी शिल्लक लिहितात. १४,००० रुपये गेले आणि खात्यावर ३,००० दिसतात.

एका कामानंतर दुसरे तपासणाऱ्या चाचणीत हा दोष कधीच दिसत नाही. पायथनच्या लूपमध्ये पाळी बदलते ती कामाने ‘अवेट’शी थांबल्यावरच, त्यामुळे हा प्रसंग चाचणीत हेतुपुरस्सर घडवता येतो. नकली मंजुरी-प्रतिनिधीला एका खुणेपाशी अडवून ठेवायचे, दुसरे काम सुरू करून त्याला धावण्याची एक संधी द्यायची आणि मग खूण मोकळी करायची. शेवटी दोनच गोष्टी तपासायच्या : नेमकी एकच विनंती यशस्वी झाली का आणि शिल्लक ३,००० आहे का. सदोष आज्ञावली येथे दर वेळी पकडली जाते. शिल्लक वाचण्यापासून लिहिण्यापर्यंतच्या कामास ‘लॉक’ लावल्यास दुसरे काम बाहेर थांबते, नंतर ३,००० वाचते आणि नकार देते. अर्थात हे कुलूप एकाच चालू आज्ञावलीपुरते असते. अनेक संगणकांवर चालणाऱ्या प्रणालीत हे संरक्षण माहितीसाठ्याच्या म्हणजे डेटाबेसच्या पातळीवरच द्यावे लागते.

उत्तर आलेच नाही तर

सर्वांत नाजूक प्रसंग असतो तो मौनाचा. मुदत संपल्यावर ‘वेट-फॉर’ आपल्या बाजूचे काम रद्द करते; परंतु दूरच्या बँकेत पोहोचलेली सूचना त्यामुळे रद्द होत नाही. उत्तर न मिळणे म्हणजे नकार मिळणे नव्हे. म्हणून कधीच उत्तर न देणारा प्रतिनिधी ठेवून चाचणी घ्यावी आणि व्यवहाराची नोंद ‘अयशस्वी’ नव्हे तर ‘प्रलंबित’ अशी होते, हे पाहावे. तसेच पुन्हा विचारणा करताना तोच संदर्भ क्रमांक वापरला जातो आणि रक्कम दुसऱ्यांदा वजा होत नाही, हेही तपासावे.

या तांत्रिक बाबीस नियमांचीही जोड आहे. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाने अपूर्ण व्यवहारांसाठी मुदती ठरविल्या. एटीएममधून रोख न मिळता खात्यातून रक्कम वजा झाल्यास व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत, तर यूपीआयने पाठविलेली रक्कम समोरच्या खात्यात जमा न झाल्यास एका दिवसात ती परत मिळणे अपेक्षित आहे. त्यापुढील विलंबासाठी दररोज १०० रुपये भरपाईची तरतूद आहे.

म्हणून पडद्यावर ‘प्रलंबित’ हा शब्द दिसल्यास ग्राहकाने घाईने तीच रक्कम पुन्हा पाठवू नये. संदर्भ क्रमांक जपून ठेवावा आणि अंतिम स्थिती पाहावी. तो क्रमांक म्हणजे आजच्या काळातील पितळी टोकन होय. आणि आज्ञावली घडविणाऱ्यांनी आपली चाचणी टोकन पाहून समाधान मानते की रक्कम हाती येईपर्यंत थांबते, हे तपासून घ्यावे. ग्राहकाचा बँकेवरील विश्वास अशा लहानसहान तपासण्यांवरच उभा असतो.