बिडी सुटेल हो, पण पोट सुटलं तर?



कापसावर मावा-तुडतुडे आले की इमिडाक्लोप्रिड फवारायचे, हे आपल्या वडवणी तालुक्यात शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. हे औषध ज्या गटातले, त्याचे नाव निओनिकोटिनॉइड. निकोटीनच्या धर्तीवरचे नवे औषध, असा त्याचा अर्थ. अशी औषधे येण्याआधी मावा मारायला तंबाखूचा काढा फवारत असत. किडीच्या मज्जातंतूंत हे औषध ज्या जागी जाऊन बसते, तशा जागा माणसाच्या मेंदूतही आहेत. बिडीचा झुरका मारला की काही सेकंदांत निकोटीन तिथे पोहोचते आणि बरे वाटते. रोज वीस-पंचवीस बिड्या ओढणाऱ्याच्या मेंदूला याची इतकी सवय होते की, दोन तास बिडी मिळाली नाही तर माणूस बैलावर खेकसतो. तेव्हा ज्याला बिडी सुटत नाही त्याला मनाचा कच्चा म्हणून हिणवू नका. नुसत्या निश्चयावर सोडणाऱ्या शंभरांतले तीन ते पाचच वर्षभर टिकतात.

पण आज मला बोलायचे आहे ते वेगळ्याच अडचणीबद्दल. शेतीशाळा संपली, बांधावर बसलो, की कोणीतरी हमखास म्हणते, "साहेब, सोडली असती हो. पण आमच्या भावकीत एकाने सोडली, तर सहा महिन्यांत त्याचा सदरा त्याला होईना. मग लोक हसायला लागले. त्याने परत बंडल आणले."

ही भीती खोटी नाही. बिडी-सिगारेट सोडल्यावर वर्षभरात सरासरी चार ते पाच किलो वजन वाढते आणि त्यातले बरेचसे पहिल्या तीन महिन्यांतच वाढते. मात्र ही सरासरी झाली. काहींचे दहा किलोंवर वाढते, तर शंभरांत पंधरा-सोळा जणांचे उलट कमी होते. कारण साधे आहे. निकोटीन भूक मारते आणि अंगातले इंधन थोडे जास्त जाळते. ते थांबले की भूक परत येते, जिभेला चव येते, नाकाला वास येतो. ठेच्याचा, ताज्या भाकरीचा वास वर्षानुवर्षांनी पुन्हा कळू लागतो. त्यात भर म्हणजे हाताला दर अर्ध्या तासाने काहीतरी तोंडाशी न्यायची सवय. बिडी नाही, म्हणून शेव, फुटाणे, बिस्कीट आणि चहा.

आता हिशेब करा. एरवी दिवसाला तीन कप चहा घेणारा माणूस बिडी सोडल्यावर आठ कप घेतो. कपाला दोन चमचे साखर धरली, तर रोज दहा चमचे साखर वाढली. एवढ्यानेच महिन्याला पाऊण किलोच्या आसपास वजन चढू शकते. दुसरी गोष्ट फार थोड्यांना माहीत आहे. धूम्रपानामुळे चहातला कॅफिन शरीरातून लवकर निघून जातो. बिडी बंद झाली की तोच कॅफिन अंगात जास्त वेळ राहतो. छाती धडधडते, झोप येत नाही, आणि माणसाला वाटते की बिडी सोडल्यामुळेच हे झाले. तेव्हा घरच्या गृहिणीला माझे सांगणे आहे की, कारभाऱ्याने बिडी सोडली की चहा निम्मा करा. ताक द्या, मीठ बेतानेच घाला. बिडीच्या वेळेला काकडी, गाजर, मुळा हाताशी ठेवा. उपाशी मात्र ठेवू नका. बिडी आणि भाकरी एकाच दिवशी तोडायला गेलात तर पहिली परत येईल.

आणखी एक तक्रार कोणी चारचौघांत बोलत नाही. सकाळची बिडी ओढल्याशिवाय पोट साफ होत नाही. ही कल्पना नाही. निकोटीनने आतडे हलते, त्यामुळे सोडल्यावर काही दिवस बद्धकोष्ठता होते. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, भरपूर पाणी आणि लागलेच तर रात्री इसबगोल. बहुधा काही आठवड्यांत पोट ताळ्यावर येते.

औषधाकडे वळू. सोपे औषध म्हणजे निकोटीनचा गम. बिडीच्या धुरातला डांबरासारखा चिकटा आणि कार्बन मोनॉक्साइड यात नाही, फक्त थोडे निकोटीन आहे. लोक तो शेंगदाण्यासारखा कचाकचा चावतात, मग उचकी लागते, घसा जळतो आणि गम फेकला जातो. तो सावकाश चावायचा. तोंडाला झिणझिण्या आल्या की गालात दाबून ठेवायचा, तंबाखूची चिमूट ठेवतात तसा. झिणझिण्या गेल्या की पुन्हा चावायचा. असे अर्धा तास. गमच्या आधी पाव तास आणि गम तोंडात असताना चहा घ्यायचा नाही, नाहीतर निकोटीन अंगात नीट उतरत नाही. सुरुवातीला दर एक-दोन तासांनी एक, मग कमी करत साधारण बारा आठवड्यांत बंद. उठल्याउठल्या अर्ध्या तासात पहिली बिडी लागणाऱ्याला 2 ऐवजी 4 मिलिग्रॅमची मात्रा लागते. ते डॉक्टरांना विचारा.

पोटात घ्यायच्या गोळ्याही आहेत. बुप्रोपिऑन आणि व्हेरेनिक्लिन या दोन्ही डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायच्या नाहीत. बिडी सोडायच्या आठवडा-दोन आठवडे आधी त्या सुरू करतात. बुप्रोपिऑनने झोप कमी होते, तोंड कोरडे पडते. ज्याला फिट येते त्याने ती मुळीच घेऊ नये. दारूचे व्यसन असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका. व्हेरेनिक्लिनने मळमळते, म्हणून जेवणानंतर ग्लासभर पाण्यासोबत घ्यावी. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये या दोन्ही औषधांना अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनी, मिश्री सोडण्यासाठीसुद्धा, मनाने काही घेऊ नये.

वजनाच्या दृष्टीने सांगायचे तर गम आणि बुप्रोपिऑन चालू असताना वजन कमी वाढते. औषध थांबले की त्यातले काही भरून निघते. म्हणजे औषध वजनवाढ पुढे ढकलते. मला हे पुष्कळ वाटते. पहिले तीन महिने एकाच वेळी तलफेशी आणि पोटाशी भांडावे लागत नाही. आधी तलफ आवरा, पोटाचे नंतर बघू.

काटकुळ्या ऊसतोड कामगाराच्या अंगावर चार किलो चढले तर मी काळजी करणार नाही. रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्याने मात्र सोडण्याआधीच वजन, साखर मोजून ठेवावी आणि दर महिन्याला मोजत राहावे. अमेरिकेतल्या 2018 च्या एका मोठ्या अभ्यासात, वजन वाढलेल्यांना काही वर्षे मधुमेहाचा धोका वाढलेला दिसला. पण हृदयविकाराने मरण्याचा धोका, दहा किलोंवर वाढलेल्यांनासुद्धा, धूम्रपान चालू ठेवणाऱ्यांपेक्षा कमीच होता. दम्यासाठी थिओफायलिन घेणाऱ्याने बिडी सोडतो आहोत हे डॉक्टरांना सांगावे. त्याची मात्रा बदलावी लागते.

दिवस कोणता धरावा? पोळ्याला औषध सुरू करून आठवड्याने बिडी टाकली, तर पहिला कठीण काळ दसऱ्याआधी सरतो. पण बारा आठवड्यांचे औषध दिवाळी ओलांडून जाते. फराळाचे ताट पुढे येते आणि टोळीही कारखान्याकडे निघते ती याच सुमारास. तेव्हा उचल घेऊन गाडीत बसण्याआधी उरलेले सगळे औषध आणून ठेवा. कोयत्याचे काम वजन वाढू देत नाही, ही त्यातली सोय. अवघड एवढेच की फडात शेजारी बिडी पेटवतो आणि दुसरी तुमच्यापुढे धरतो. त्याला आधीच सांगून ठेवा, आणि जोडीने सोडायला तयार झाला तर उत्तमच.

चौकशीसाठी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा बीडच्या जिल्हा रुग्णालयात जा. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती दूरध्वनी सेवेचा क्रमांक 1800-11-2356 असा आहे, त्याला पैसे पडत नाहीत. जाताना दिवसाला किती बिड्या, पहिली कितीला आणि सध्याचे वजन किती, हे कागदावर लिहून न्या.